मेलेली रास

माझी आई हौसा हिला वाचता येत नाही, आणि तिच्याइतकं मन लावून ख्रिस्ती शास्त्र वाचलेलं माणूस माझ्या पाहण्यात नाही. वाचायचे मी, ऐकायची ती. पण एकेका वाक्याला अशी अडून बसायची की मी वैतागायचे. अब्राहाम घरदार सोडून निघाला असं वाचलं की लगेच विचारायची, "भांडी घेतली का गो बरोबर? बायको काय म्हनली त्याची?" मी रोह्याच्या शाळेत इतिहास शिकवते. चार हजार वर्षं दोन तासिकांत उरकते. आईला अब्राहामाच्या एका तंबूपाशी महिना लागायचा.

आमचं घर पेणच्या खाडीकाठचं. आई आणि बाबा दोघंही जन्मभर मिठागरावर राबले. आईच्या टाचांच्या भेगांत इतकं मीठ मुरलंय की भर पावसाळ्यातही त्या भरत नाहीत. मी सहा वर्षांची असताना तापाने फणफणले होते. दवाखान्यातल्या एका नर्सने रात्रंदिवस माझ्या उशाशी बसून प्रार्थना केली, आणि मी वाचले. आई तिच्यामागून पेणच्या प्रार्थनेला गेली ती जातच राहिली. भावकीने नाकं मुरडली. माझे बाबा, महिपती, स्वतः कधी गेले नाहीत, पण आईला अडवलंही नाही. "तुझा देव तुला, माझा मला," म्हणायचे, "भाकरी दोगांची एक हाय ना?"

गेल्या नाताळच्या आधी प्रार्थनेला बाहेरगावचे एक पाळक प्रवचन द्यायला आले. प्रभूने आपल्या माणसांना जगाचं मीठ म्हटलं, तो भाग त्यांनी घेतला. मिठाची चवच गेली तर ते कशाच्याच उपयोगाचं नाही, बाहेर टाकायचं आणि लोकांनी तुडवायचं, असं तिथे पुढे येतं. आई हरखून घरी आली. आपलं मीठ शास्त्रात आहे! जेवताना बाबांना सगळं सांगितलं. बाबा ठसका लागेपर्यंत हसले.

"चालीस वर्सं मीठ ओढतोय मी," ते म्हणाले. "मीठ इरघळंल, कालं पडंल. पन अळनी? मीठ अळनी कसं व्हईल गो? ज्यानं सांगितला त्यानं मिठागर बघितलेला नाय."

त्यांनी गंमत केली होती, पण आईने हातातला घास परत ताटात ठेवला. पुढच्या रविवारी ती प्रार्थनेला गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शास्त्र फडक्यात बांधून फळीवर गेलं. मी रोह्याहून आले की समजूत घालायचे, की हा नुसता दाखला आहे, भाषा जुनी आहे, अर्थ वेगळा असेल. एकदा ती शांतपणे म्हणाली, "नूतन, बाकी सगला मी त्याच्या शब्दावर मानला. सरग मी बघितला नाय. मीठ तेवडा मला म्हाईत हाय. जो म्हाईत हाय तोच खोटा निगाला, तर आता धरू कशाला?"

बी.एड. केलेली मी, पिशवी उचलून रोह्याच्या एसटीला गेले.

चैत्रात मी कैऱ्या न्यायला माहेरी गेले. बांधावर मागच्या हंगामाची मिठाची एक रास पडून होती. पावसाळ्यात तिच्यावर शाकारलेलं गवत उडालं होतं आणि ती अर्धी झाली होती, पण होती पांढरी. आयतं मीठ दिसलं म्हणून मी कुणाला न विचारता पिशवी भरून घेतली. रोह्याला जाऊन बरणीभर कैऱ्या त्यात घातल्या. पंधरा दिवसांनी बरणी उघडली तर बुरशीचा थर, आणि वास असा की शेजारीण विचारायला आली. चिडून मी ती बरणी घेऊन थेट पेण गाठलं.

बाबा ओटीवर विडी ओढत होते. मी बरणी त्यांच्यापुढे आदळली. "हे तुमचं मीठ! कैऱ्या सडल्या माझ्या."

"कुठल्या राशीचं घेतलंस?"

"बांधावरची ती जुनी."

बाबा परत हसायला लागले. "मिठागरवाल्याची पोर, आन मेलेली रास उचलून नेली! अगो, पावसानं त्यातलं मीठ कवाच धुवून नेलं. मागं उरतो तो तलाचा पांढरा गाळ. दिसतो मिठासारका, जिबंवर ठेव, चव नाय. त्याला आमी मीठ म्हनतच नाय. तो कशाच्या कामाचा? नुसता वाटंवर टाकायचा, येनाऱ्या-जानाऱ्याच्या पायाखाली..."

तिथे ते थांबले. विडी बोटांत तशीच राहिली.

आई दारात उभी होती. कधी आली, आम्हाला कळलं नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि ती बाबांकडे पाहत होती. दोन हजार वर्षं मी फळ्यावर किती वेळा लिहिली असतील. त्या क्षणी ती आमच्या बांधावर येऊन उभी राहिली. तिकडेही अशीच रास पावसात मेली होती, कुणीतरी ती वाटेवर पसरली होती, आणि त्या वाटेने चालताना प्रभूने खाली पाहिलं होतं.

मग बाबांनी हळू आवाजात विचारलं, "मिठागरावरचा होता काय गो तो?"

"नाय," आई म्हणाली. "सुताराच्या घरचा."

बाबा खाडीकडे बघत राहिले. "मंग आपल्यासारक्या कुनीतरी सांगितला असंल त्याला," ते म्हणाले. "येवडा मोठा मानूस, आन त्यानं मिठागरवाल्याचा ऐकून घेतला?"

आईने फळीवरून शास्त्र काढलं, फडकं सोडलं आणि माझ्या हातात दिलं. त्या दिवशी मी दिवेलागणीपर्यंत वाचलं. बाबा ओटीवरून उठले नाहीत.

रविवारी सकाळी आई प्रार्थनेला निघाली तेव्हा बाबा आधीच बांधावर होते. भरतीच्या पाण्याने वाट निसरडी झाली होती. मेलेली रास घमेल्याने आणून ते आमच्या दारापासून पार डांबरी रस्त्यापर्यंत पसरत होते.

"यावरनं जा," ते मान वर न करता म्हणाले. "घसरशील नायतर."