शिबिराच्या यादीतली लाल गाय

आमच्या धारूर भागात गाय भरवल्यावर, म्हणजे तिचं रेतन झाल्यावर, तीन महिने कुणी तिला गाभण म्हणत नाही; नजर लागते म्हणे. विचारलं तर "न्हाई" म्हणतात आणि विषय बदलतात. हे मला लग्न होऊन इथं आल्यापासून माहीत होतं. तरीही गावातल्या जनावरांच्या नोंदींचं ॲप लिहिताना मी मालकाला एवढंच विचारलं: गाभण आहे का, हो की नाही. भरवल्याची तारीख वेगळ्या रकान्यात, ती रेतन करणारे डॉक्टर भरायचे.

मग जनावरांच्या डॉक्टरांचं शिबिर ठरलं. रिकाम्या, म्हणजे गाभण नसलेल्या जनावरांना माजावर आणायचं इंजेक्शन. तेच गाभण गाईला दिलं तर गाभ जातो, आणि महिनाभराचा गाभ तपासणाऱ्याच्या हाताला लागत नाही. यादी माझ्या ॲपमधून जाणार होती.

आदल्या दिवशी सकाळी मी बरेच दिवस टाळलेलं काम काढलं. स्थिती एकीकडे आणि तारीख दुसरीकडे, हे बंद करून एक एनम केला. एनम म्हणजे ठरलेल्या पर्यायांपैकी एकच. पण इथं प्रत्येक पर्याय आपली माहिती सोबत बाळगतो. 'रिकामी'सोबत काही नाही. 'भरवलेली'सोबत तारीख, 'गाभण'सोबत तपासणीचा दिवस. तारखेशिवाय 'भरवलेली' लिहिताच येत नाही.

प्रोग्राम चालवायला गेले तर आधी तो तपासणाऱ्या कंपायलरनं अडवलं. शिबिराची यादी करताना 'भरवलेली'चं काय करायचं, ते मी सांगितलंच नव्हतं. म्हणजे आजवर तारखेकडं न बघताच यादी निघत होती. दोन ओळी लिहून भरवलेली जनावरं वगळली, जुन्या नोंदी नव्या साच्यात घातल्या. यादीतून एकच नाव गेलं: माझ्या थोरल्या जावेची लाल गाय. भरवून अठ्ठावीस दिवस.

लगेच फोन लावला.

"अक्का, लाल गाय भरवलीय ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"ॲपनं. मला तर तुम्ही न्हाई म्हणालात."

"मग काय गावात दवंडी पिटू? तीनदा उलटलीय ती, भरवूनबी गाभ ऱ्हायला न्हाई!"

"अहो, उद्या शिबिरात तिला इंजेक्शन दिलं असतं. गाभ पडला असता."

"अगं बाई! ह्यांनी तर तिला शिबिराला न्यायला टेम्पो सांगून ठेवलाय."

"भाऊजींना माहीत नाही?"

"भरवली तवा हे बाजाराला गेलते. मी कावून सांगू? दोस्तांत बसले की सगळं ओकतात."

"आता तरी सांगा. आणि टेम्पो नको म्हणा."

"सांगते. पन तू गाभण म्हणून लिहू नको हां. अजून दोन म्हैने हायत."

"गाभण नाही लिहिलं, अक्का. 'भरवलेली' लिहिलंय."

"असं हाय व्हय? मग राहू दे."

नवी यादी डॉक्टरांना पाठवली आणि सकाळची गार झालेली भाकरी घेऊन बसले. लई भूक लागली होती.