तोंड डोंगराकडं

गोगाबाबा टेकडीवर जाणारी पायवाट एका वळणावर इतकी अरुंद होते, की दोन माणसं समोरासमोर आली तर खांद्याला खांदा लागतोच. एरवी त्याचं कुणाला काही वाटत नसे. कोरोनात मात्र त्याच वळणावर माणसं थबकायला लागली, एकमेकांकडे संशयाने बघायला लागली. फिरायची परवानगी पुन्हा मिळाली तेव्हा माझ्या यजमानांनी तिथला नियम स्वतःच ठरवून टाकला. चढणाऱ्याला धाप लागलेली असते, म्हणून त्याने आधी जायचं. उतरणाऱ्याने थांबायचं आणि डोंगराकडे तोंड करून उभं राहायचं.

नियम चांगलाच होता. पण यजमान तो ओरडून सांगत.

चिकलठाण्याच्या कारखान्यात, यंत्रांच्या गोंगाटात त्यांचा जन्म गेला होता. हळू बोलणं त्यांना जमतच नसे. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. तिथे माझी खुर्ची जरा जोरात सरकली तरी मला ओशाळल्यासारखं व्हायचं.

"तोंड डोंगराकडं! ओ लाल टोपी, नाक झाका की! शोभेला ठेवलंय व्हय?"

"काका, टेकडी तुमच्या नावावर झाली का?" लाल टोपीवाला विचारी.

"सातबारा आणून दाखवू?"

लोक हसत, पण वळत. मी हळूहळू मागे राहायला लागले. आधी बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून, मग निमित्ताशिवायच. एकदा माझ्या पुढे चढणाऱ्या एका बाईंनी वळून विचारलं, "कोण हो हे?" मी नुसती मान हलवली, 'काय माहीत' अशी. तोंडावर मास्क आहे याचं त्या वेळी मला बरं वाटलं.

वर पोचून ते खडकावर माझी वाट बघत बसलेले असत. खाली मकबऱ्याचा घुमट उन्हात उजळत असे. "लई सावकाश चढतीस बघ तू," ते म्हणत. त्यांना काही कळलं होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या लाटेत ते गेले. दवाखान्यातून त्यांना घरी आणताच आलं नाही. सुतकात दाराशी कुणी आलं नाही, नातेवाइकांचे फोन आले तेवढेच.

पावसाळा सरल्यावर मी एकटी टेकडी चढले. वळणावर दोघं उतरत होते. मला बघून थांबले आणि कुणी न सांगता डोंगराकडे वळले. त्यातला एक लाल टोपीवाला होता.

मी पुढे गेले तसा दुसरा म्हणाला, "आता कोण ओरडतंय? उगा काय थांबायचं?"

"ऱ्हाऊ दे. सवय लागली त्या काकाची."

"गेला म्हणं तो."

"व्हय. एकटाच व्हता बिचारा. कधी कुणी संगं दिसलं नाय. घरी बोलायला माणूस नसंल, म्हणून हितं येऊन बोलायचा."

माझे पाय थांबले नाहीत. वर त्यांच्या खडकाशी गेले, पण त्यावर बसवेना. त्यांना एकटं मीच करून ठेवलं होतं. ते एकटे नव्हते, हे आता टेकडीवर सांगणारंही माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

त्यानंतर मी रोज त्याच वेळेला जायला लागले. एका सकाळी मी उतरत होते आणि लाल टोपीवाला चढत होता. मी थांबले, डोंगराकडे तोंड केलं. तो जवळून गेला तेव्हा म्हणाले, "ते एकटे नव्हते." माझं मलाच नीट ऐकू आलं नाही.

"काय म्हणलात?"

मी वळले. आवाज चढवला. "ते काका. एकटे नव्हते. मी त्यांची बायको."

त्याने नाकाखाली उतरलेला मास्क वर ओढला. "असं व्हय..." मग अगदी साधेपणाने त्याने विचारलं, "मग तुमी कुठं असायच्या, काकू?"

त्याच्या मागे चढणारी माणसं अडकून उभी होती. सगळी ऐकत होती.

"मागं असायचे," सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले. "मुद्दाम." आणि त्यांना वाट द्यायला पुन्हा डोंगराकडे तोंड केलं.