नर्सच्या सिनेमाचा पहिला नंबर

रविवारी सकाळी आमच्या ह्यांनी फेसबुकवर एका नामांकित दिग्दर्शकाच्या सिनेमांची क्रमवारी टाकली. दिग्दर्शकाचं नाव लिहीत नाही, त्याचे चाहते लगेच अंगावर येतात. पहिला नंबर दिलाय नर्सच्या सिनेमाला, आणि खाली लिहिलंय, 'बाईचं दुःख इतकं कुणालाच कळलं नाही. मी पहिल्यापासून हेच सांगत आलोय.'

पहिल्यापासून! अहो, मी तिथेच होते... चहा देत होते.

सत्तरचं दशक. हे तीर्थपुरीच्या शाळेत मास्तर होते, माझं नवीन लग्न झालेलं. सुगी आटोपली की बाजाराच्या मैदानात तंबूची टॉकीज यायची. पुरुष पडद्याच्या पुढे बसायचे आणि बायका मागे. पडद्याचं कापड पातळ, त्यामुळे मागूनही चित्र दिसायचं... फक्त आरशात दिसतं तसं उलटं.

ते उलटं असतं हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. लग्नाआधी मी सिनेमा पाहिला नव्हता, आणि सुरुवातीची नावं इंग्रजीत यायची, ती मला तशीही वाचता येत नव्हती. सिनेमातली माणसं डाव्या हाताने जेवायची, नायिकांचा पदर उजव्या खांद्यावर असायचा. आम्ही म्हणायचो, मोठ्या शहरात अशीच पद्धत असेल. एकदोघी नव्या सुनांनी तर फॅशन म्हणून तसा पदर घेतला आणि सासूच्या शिव्या खाल्ल्या.

शेजारी सोजर राहायची. शेळ्या राखायची, माझ्याच वयाची. तिचा नवरा तिला मारायचा, ते सगळ्या गल्लीला ऐकू यायचं आणि सगळी गल्ली गप्प बसायची... आमचं घर धरून.

नर्सचा सिनेमा लागला तेव्हा ती माझ्या शेजारी बसली होती. त्यातल्या नर्सलाही नवरा मारतो. सोजर पापणी न हलवता बघत होती. शेवट जवळ आला आणि तिचा नवरा पडद्यामागे येऊन तिला दंडाला धरून घेऊन गेला. तिचा शेवट राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या मागे लागली. "मास्तरीनबाई, त्या नर्सबाईनं मंग काय केलं वो? न्हाई न्हाई, सांगू नका. मला माझ्या डोळ्यानं बघायचंय. सरांला म्हना ना, तेवढा पिक्चर फिरून आना म्हनावं."

आणि संधी आपल्या पायांनी घरी आली. तंबूचा मुक्काम हलणार होता, शेवटच्या दिवशी त्याच दिग्दर्शकाचा एक जुना सिनेमा पुन्हा लावायचा होता. कोणता, ते मास्तर लोकांनी ठरवावं म्हणून टॉकीजचे मालक आमच्याकडे आले. ह्यांचे दोन मास्तर मित्र होतेच.

मग काय विचारता... सकाळभर नंबर लावणं चाललं. कोर्टाचा सिनेमा पहिला, त्यातले संवाद, त्यातली फोटोग्राफी. डाकूचा दुसरा की जमीनदाराचा, यावर आवाज चढले. नर्सचा सगळ्यांत शेवटी. "रडका आहे, बायकी," आमचे हे म्हणाले. होय, हेच.

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो तसाच धरून मी बोलले. "नर्सचाच आणा. त्यात नवरा तिच्या थोबाडीत मारतो आणि त्याच डाव्या हाताने लगेच जेवायला बसतो. हातसुद्धा धूत नाही. असं दुसऱ्या कोणत्या सिनेमात दाखवलंय?"

मग एक मास्तर म्हणाले, "वहिनी, डाव्या हातानं कोन जेवतंय?"

मालक बिचारे माझी बाजू घ्यायला गेले. "न्हाई सर, त्या बराबर बोलून राह्यल्या. बायका पडद्याच्या मागं बसत्यात ना, त्यायला सगळं उलटंच दिसतंय."

असा हशा पिकला! हे तर डोळे पुसत म्हणाले, "उलटा पिक्चर पाहून नंबर देऊन राह्यली ही. जा, आनखी चहा टाक."

हात डावा असो की उजवा... मारणारा आणि जेवणारा हात एकच होता. एवढं तोंडातून निघालं नाही. मी आत गेले आणि चहा टाकला.

कोर्टाचा सिनेमा लागला, तंबू गेला. पिठाच्या गिरणीत सोजर भेटली. तिला आता शेवट सांगणं भाग होतं. म्हटलं, "ती ट्रंक उचलून घराबाहेर पडते. नवरा हाका मारतो, ती मागे वळून बघत नाही."

"कुठं गेल्ती मंग?"

"ते दाखवलं नाही."

सोजरने डब्यातलं पीठ हाताने दाबलं. मग म्हणाली, "नर्स हाय ना ती. तिला दवाखान्यात खोली भेटंल. मला कोन देतंय?"

कोणीच दिली नाही. मीही दिली नाही, कारण घर ह्यांचं होतं. सोजर त्याच घरात मार खात म्हातारी झाली आणि गेली. तिने तो शेवट कधीच पाहिला नाही.

ह्यांच्या पोस्टखाली लोक लिहितायत, 'सर, काय संवेदनशील नजर आहे तुमची!' वाजवा टाळ्या. पण सोजर जिवंत होती, तेव्हा हा पहिला नंबर द्यायला काय झालं होतं हो तुम्हाला?