तलाठ्याच्या फटफटीपुढे

अमडापूर मागे पडलं आणि संयोजकाचा तिसरा फोन आला. "मॅडम, कुठवर आलात? तुमच्याशिवाय शर्यत सुरू करता येत नाही आम्हाला." नियमच तसा आहे म्हणे. अँब्युलन्स जागेवर उभी राहिल्याशिवाय पहिली गाडी सोडायची नाही. मी म्हटलं, आलोच, आठ-दहा किलोमीटर राहिलेत. फोन ठेवला आणि मला हसू आलं, चांगलं कडू हसू. त्या बरडावर, त्या खडकाळ माळावर, कोणीतरी आमची वाट पाहतंय, हे आमच्या घराण्यात पहिल्यांदाच घडत होतं.

मी चिखलीतल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. कुठे खेळ असला, मेळावा असला की दवाखान्याची अँब्युलन्स तिथे जाते आणि तिच्यासोबत आमच्यातली एक जण जाते. या रविवारी माझा नंबर होता. बदलून घेता आला असता. एक जण आपण होऊन तयार होती, तिला जीपगाड्या उडताना पाहायच्या होत्या. पण मीच हट्टाने नाही म्हटलं. तो ट्रॅक कुठे झालाय ते मला ठाऊक होतं. आमच्या गावच्या ई-क्लासवर, म्हणजे सरकारी गायरानावर. आणि त्या गायरानाच्या ज्या तुकड्यावर तो झालाय, तो तुकडा माझ्या बाबांनी तीस वर्षं वाहिला होता.

बाबा मागे बसले होते, स्ट्रेचरच्या बाजूच्या बाकावर. आदल्या दिवशी मी फोनवर ड्यूटीचं बोलत होते ते त्यांनी ऐकलं असावं. सकाळी पाहते तर धुतलेला सदरा आणि टोपी घालून पायरीवर तयार.

"मीबी येतो," म्हणाले.

"बाबा, तिथे आता पाहायला काय आहे?"

"वावर हाय न."

वावर म्हणजे शेत. ते गेलं त्या वर्षी बाबा माझ्याकडे चिखलीला राहायला आले, आणि त्यानंतर त्यांनी त्या बाजूला पाऊल टाकलं नव्हतं. ड्रायव्हरला म्हटलं, बाबांना घेऊ सोबत. तो भला माणूस, चिखलीपलीकडचा, त्याला आमचं काहीच माहीत नव्हतं. त्याला शर्यतीचा मोठा उत्साह.

"सिस्टर, पुन्या-मुंबईच्या गाड्या येऊन राह्यल्या म्हनते," तो म्हणाला. मग मधली काच सरकवून मागे ओरडला, "काय बाबा, तुमाले शौक दिसते रेसचा!"

मला कळलं, आता बाबा ती गोष्ट सांगणार. त्यांनी ती आजवर सोयऱ्यांना सांगितली आहे, माझ्या लग्नात सांगितली आहे, दवाखान्यातल्या डॉक्टरांना सांगितली आहे. मी खिडकीबाहेर तुरीच्या तुराट्यांकडे बघत बसले.

"अरे, या रस्त्यानं पह्यली रेस माह्या पोरीनं मारली," बाबा म्हणाले. "तलाठ्याची फटफटी मांगं अन् माही पोरगी पुढं. एक डाव बी हरली नाई."

"काय सांगता! फटफटीले हरवलं?"

"मंग! पुसा तिले."

त्याने मला विचारलं नाही, फक्त कौतुकाने पाहिलं. गोष्ट खरी आहे. आमच्या वस्तीतल्या सगळ्या बौद्ध घरांची शेती त्या बरडावर होती, आणि सरकारी भाषेत ते अतिक्रमण होतं. वर्षातून एकदा तलाठी पाहणीला यायचा. वावरात जो सापडेल त्याचं नाव वहीत लिहायचा, दंड लावायचा आणि पावती फाडून हातात द्यायचा. मोठा कडक माणूस होता असं नाही, आळशी होता. माणूस सापडला नाही की त्या तुकड्यापुढे 'पडीक' लिहून मोकळा व्हायचा.

तो आधी चावडीवर चहा प्यायचा. चावडीला लागूनच आमची शाळा. ती लाल फटफटी दारात दिसली की मी गुरुजींना पाणी प्यायला जाते म्हणून सांगायची आणि पळत सुटायची. फटफटीला रस्ता नाल्यावरच्या फरशी पुलावरून, लांबचा. मी पांदणीने, वावरांमधल्या गाडीवाटेने, सरळ. तीन किलोमीटर, पायात काही नाही. मधल्या बाभळीपाशी पोटात कळ यायची, ती दाबून तशीच पुढे. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, पोचले की जीव खाऊन ओरडायची, "बाबा, आला!" मग बाबा बैल सोडून द्यायचे आणि आई-बाबा दोघं नाल्यात उतरून शिंदीच्या झाडांमागे बसायचे. तलाठी यायचा, धुऱ्यावर उभा राहायचा, लिहायचा, जायचा. तो गेला की बाबा मला खांद्यावर घ्यायचे. मी नऊ-दहा वर्षांची घोडी झाले होते तरी घ्यायचे. त्या खांद्यावर बसून मला वाटायचं, आपण घर वाचवलं.

शेजारच्या धुऱ्याचा एक काका होता, आमच्याच वस्तीतला, पायाने अधू. त्याला पळता यायचं नाही, त्यामुळे तो दरवर्षी सापडायचा. पावती घडी घालून टोपीत ठेवायचा आणि संध्याकाळी वस्तीत सगळे त्याची टर उडवायचे. सगळ्यात जास्त बाबा.

पुढे मी नर्सिंग शिकायला गेले आणि सरकारने ठरवलं की जुन्या अतिक्रमणाच्या नोंदीत ज्यांची नावं आहेत त्यांच्या नावाने जमीन करून द्यायची. पुरावा काय, तर दंडाच्या पावत्या. बाबांबरोबर तहसीलला मी गेले होते, सुट्टी काढून. कारकुनाने पावती मागितली. बाबा छाती काढून म्हणाले, "पावती कशी असन साहेब? आमी कधी सापडलोच नाई." कारकुनाने पलीकडच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारली आणि बाबांना म्हणाला, पुन्हा सांगा. बाबांनी पुन्हा सांगितलं. ते दोघं पोट धरून हसले आणि बाबाही थोडे हसले. जुनी वही काढून दाखवली तर आमच्या तुकड्यापुढे दरवर्षी एकच शब्द, पडीक. त्याच्या खाली अधू काकाचं नाव, दरवर्षी.

काकाचा सातबारा झाला. आमचं वावर आणखी काही वर्षं तसंच चाललं, मग एका उन्हाळ्यात पोकलेन आलं. शहरातल्या कोणत्या तरी मंडळाला खेळासाठी जागा हवी होती आणि गावात ठराव झाला होता. बाबांना नोटीस का दिली नाही, असं मी विचारायला गेले तेव्हा उत्तर मिळालं की कागदावर तिथे कोणी नव्हतंच. नव्हतंच! माझी आई त्या बरडातले दगड वेचून वेचून मेली, तो धुरा तिच्या हातचा होता. पण मला त्या लोकांचा जेवढा राग येतो त्यापेक्षा जास्त माझ्या पायांचा येतो. मी आळशी असते, लंगडी असते, एक वर्ष, फक्त एक वर्ष जरी तापाने पडले असते तरी एक पावती घरात असती. हे मी कोणालाच बोलले नव्हते. बाबांनी त्या दोन गोष्टी कधी एकत्र जोडल्या की नाही, तेही मला माहीत नव्हतं. तहसीलहून आल्यावरही ते माझ्या पळण्याची गोष्ट तशीच सांगत राहिले, त्याच अभिमानाने. आज विचारायचं, असं मी सकाळी ठरवलं होतं.

"सिस्टर, मोबाइल इकडून शॉर्टकट दाखवते," ड्रायव्हर म्हणाला आणि त्याने गाडी वळवली.

ती आमची पांदण होती. आणि तिच्यावर डांबर होतं.

"हे कवा झालं?" बाबांनी काचेतून तोंड पुढे काढलं.

याच पांदणीच्या चिखलातून बाया खाटेवर घालून बाळंतपणाला नेल्या आहेत, त्यातल्या काही परत आल्या नाहीत. रस्ता करा म्हणून गावाने किती अर्ज दिले असतील! शेवटी शर्यतीच्या गाड्या वाहून आणणारे ट्रक अडकायला नकोत म्हणून तो एका उन्हाळ्यात झाला. या रस्त्याने पहिल्यांदा अँब्युलन्स जात होती, तीही धडधाकट लोकांसाठी. ड्रायव्हरने चौथा गिअर टाकला. बाभळीचा वळसा आला आणि गेला, मला तिथे कळ दाबायलासुद्धा वेळ मिळाला नाही. लहानपणी जे अंतर संपता संपत नव्हतं ते चार मिनिटांत संपत आलं होतं. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी मागे वळले.

"बाबा, मी पळाले नसते तर?"

ते बाहेर पाहत होते. मग म्हणाले, "तं दंड बसला असता."

"बाबा, दंड तं आता हेल्मेटचाबी बसते," ड्रायव्हर म्हणाला आणि एकटाच हसला.

पुढे काकाचं शेत लागलं. तिथे पार्किंग केलं होतं, कापडी फलक आणि दोरखंड लावून. शेताच्या तोंडाशी खुर्चीत तो स्वतः बसला होता, म्हातारा झालेला, काठी मांडीवर. गाडीच्या काचेत त्याला बाबा दिसले तसा धडपडत उठला. "या या, चहा घेऊन जा!" बाबांनी हात वर केला. गाडी थांबवा म्हणाले नाहीत.

"याले कधी पयताच आलं नाई," बाबा म्हणाले. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलं आहे, त्यानंतर ते नेहमी हसतात. आज हसले नाहीत.

ट्रॅकवर झेंडे लावले होते, टायरांच्या रांगा रचल्या होत्या. अँब्युलन्सची जागा दुसऱ्या वळणाजवळ, पांढरी फक्की टाकून आखलेली. मी उतरले आणि ओळखलं. आमचा धुरा इथूनच जात होता. तो सपाट झाला होता. बोरीचं झाड तेवढं ठेवलं होतं, त्याला भोंगा बांधला होता. नाला तसाच होता. बाबा मागच्या दाराशी पाय खाली सोडून बसले होते, जमिनीला न टेकवता. मला वाटलं रडतील. पण ते नुसते बघत होते, वाट चुकलेला माणूस पाटी शोधतो तसे.

तेवढ्यात समोरून एक माणूस येताना दिसला. गळ्यात ओळखपत्र, काखेत लांबट वही. येतानाच त्याने पेनाचं टोपण काढलं. मैदानात कोण कोण आहे त्याची नोंद ठेवावी लागते, त्याने मला सांगितलं. माझं नाव लिहिलं, ड्रायव्हरचं लिहिलं.

"दोघंच ना?"

"नाही, वडील आहेत सोबत," म्हणून मी मागे वळले, तर मागच्या दारात कोणी नव्हतं.

"असू द्या," तो म्हणाला आणि पुढच्या तंबूकडे निघाला.

मी गाडीला वळसा घातला. बाबा नाल्याच्या काठाखाली उतरून शिंदीच्या बुडाशी बसले होते. ऐंशीच्या घरातला माणूस, गुडघे छातीशी घेऊन. टोपी काढून हातात धरली होती, पांढरी दिसू नये म्हणून. या वेळी मी आवाज दिला नव्हता. मी एक शब्द बोलले नव्हते.

"गेला का?" त्यांनी हळूच विचारलं.

"गेला."

"लिहलं का आपलं नाव?"

"तुमचं नाही लिहिलं."

"बरं झालं," बाबा म्हणाले आणि वर यायला हात पुढे केला.

तो हात मी धरला नाही. मला इतका संताप आला होता की त्यांना तिथेच सोडून मी त्या माणसाच्या मागे गेले. गेले कसली, पळाले. नर्सच्या पांढऱ्या कपड्यांत, पन्नाशीच्या पायांनी, त्याच बरडावरून. तंबूच्या दोरीशी त्याला गाठलं आणि म्हटलं, आणखी एक नाव लिहा. बाबांचं नाव, त्यांच्या वडलांचं नाव, आडनाव, सगळं सावकाश सांगितलं. अक्षर नीट काढा म्हटलं. त्याने काढलं.

"काम काय लिहू?"

"अतिक्रमण."

तो हसला. मी थट्टा करते आहे असं त्याला वाटलं. त्याने त्या रकान्यात 'पाहुणे' लिहिलं, मला दाखवलं आणि वही मिटायला लागला. मी वहीवर हात ठेवला.

"याची पावती मिळेल का?"

"पावती कायची मॅडम?" तो म्हणाला. "अँब्युलन्सवाल्याईले फुकट हाय."