विहिरीतला मुद्देमाल

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण जी घटना आजही आठवते, ती घडलीच नाही. घरच्यांना ती पाठ आहे. मी सुरुवात केली की सौभाग्यवती कामाच्या निमित्तानं उठतात. तुम्ही बसा.

निजामाच्या राजवटीत मी पूर्णेच्या ठाण्यावर अमीन होतो; अमीन म्हणजे आजचा फौजदार. पावसाळ्याच्या तोंडावर सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांनी फिर्याद दिली: हैज्याच्या, म्हणजे पटकीच्या, साथीत विहिरीत टाकायची लाल दवा बाटलीतून कमी होत आहे. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली शेजारच्याच खिळ्याला. मी पंचनामा केला, कंपाउंडरला दरडावलं, झाडलोट करणाऱ्या बाईला विचारलं. ती रेल्वेच्या रुळांपलीकडच्या मजूरवस्तीत राहणारी, विधवा.

"मला काय ठावं, साहेब," ती म्हणाली. तिच्या बोटांची टोकं तपकिरी दिसली. विधवेनं मेंदी लावावी! मनातल्या मनात नावं ठेवून मी सभ्यपणानं नजर खाली घातली. माझ्या हुशारीचा हा पहिला नमुना.

दोन दिवसांनी त्याच वस्तीतल्या बाया ठाण्यात आल्या. "साहेब, आमच्या हिरीचं पाणी गुलाबी व्हायलंय. कुणीतरी करणी केली."

मी रोजनामच्यात दुसरं प्रकरण नोंदवलं. स्वतंत्र. जमादारानं माझ्याकडे जरा पाहिलं, पण अमीनसाहेबांना शिकवायचं कोणी?

विहीर कसली, ओढ्याकाठचा खड्डाच. पावसात वस्तीची सगळी घाण तिच्यात उतरायची. काठावर एक चिंधी पडली होती, तिला काळसर खडे चिकटलेले. ओल्या बोटांनी चोळून पाहिले, तर बोटं गुलाबी झाली. विषच असणार, असं ठरवून मी तीनदा हात धुतले आणि घरी आलो. ताटावर बसतो न बसतो तोच सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, ह्या वयात मेंदी? कुणाची वरात होती?"

बोटांची टोकं तपकिरी झाली होती! घास हातातच राहिला.

झाडलोटीच्या बाईला ठाण्यात बोलावलं आणि माझा हात तिच्या हाताशेजारी ठेवला. तिनं दोन्ही हात निरखले. "साहेब, तुमी बी टाकली का?"

जमादार तोंड फिरवून खोकायला लागला. मग तिनंच सांगितलं. "मागल्या साथीला माझी दोन लेकरं गेली. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले, हीर लाल केली, कांबळी वाटली. ते कांबळं मी कुणाच्या अंगावर घालू? मेल्यावर टाकतेत ती दवा औंदा आधीच टाकली. घाला मला आत."

"वस्तीत कुणाला सांगितलं का नाहीस?"

"झाडणारणीचं कोण ऐकायलंय?"

गुन्हा कबूल. पण मुद्देमाल जप्त करायचा तर अख्खी विहीर उचलून ठाण्यात आणावी लागली असती. मी डॉक्टरसाहेबांकडे गेलो.

"नियम आहे, अमीनसाहेब. हैज्यानं माणूस दगावल्याची वर्दी आल्याशिवाय बाटली उघडता येत नाही."

"मग कोण दगावणार तेवढं सांगा. त्याचं नाव आगाऊ लिहून ठेवतो."

आयुष्यात एवढं एकच वाक्य मला वेळेवर सुचलं. बाकीची सगळी घरी पोचल्यावर सुचली.  डॉक्टरसाहेबांनी फिर्याद मागं घेतली, बाईच्या कामात 'विहिरींची सफाई' असं वाढवलं, दवेचं माप शिकवलं आणि किल्ली तिच्याच हातात दिली. मी वस्तीत जाऊन करणीचा उलगडा केला. अमीन सांगतोय म्हटल्यावर सगळ्यांना पटलं. तीच गोष्ट तिनं सांगितली असती, तर तिला हाकलली असती.

त्या पावसाळ्यात आजूबाजूच्या गावांत हैजा पेटला. जिल्ह्याहून तंबू आणि कांबळी घेऊन गाड्या निघाल्या. वस्तीपाशी गाड्या थांबवून अधिकाऱ्यानं मला विचारलं, "इथं किती गेले?"

"एकही नाही, साहेब."

"मग मी थांबलो कशाला?" चिडून त्यानं गाड्या पुढं हाकायला सांगितल्या. बाई विहिरीपाशी उभी राहून पाहत होती. "जाऊ द्या," ती म्हणाली. "औंदा कांबळं नगं."

ज्याच्या झोपडीपाशी घाण पाणी सगळ्यात आधी पोचतं, त्याच्यापाशी सरकार सगळ्यात शेवटी पोचतं, हे मी एका झाडणारणीकडून शिकलो.

ठाण्यात परतून मी जमादाराला रोजनामचा लिहायला बसवलं. "लिही, मजूरवस्तीत काहीही घडलं नाही."

"एवढंच, साहेब?"

"एवढंच. पण जरा मोठ्या अक्षरात लिही."