मिटवलेली लग्नं

नईमाआपाला अकोल्यात कोणी फोटोग्राफर म्हणत नाही. सगळे 'कॅमेरेवाली आपा' म्हणतात. तिचा नवरा अब्दुल रहीम याचा फोटो स्टुडिओ आहे. पण त्यांच्या समाजातल्या लग्नांत बायकांच्या बाजूला पुरुषाचा कॅमेरा जात नाही, मग तो पुरुष कितीही ओळखीचा असो. म्हणून रहीमभाई मर्दान्यात आणि आपा जनान्यात, अशी वाटणी वीस वर्षांपासून चालली आहे. सुरुवातीला कोणाला बाजूला व्हा म्हणायलाही ती लाजायची, हे ती स्वतःच सांगते. आता ती कॅमेरा खांद्यावर टाकून नवरीच्या मावशीला "सरका व बाजूले" म्हणून दटावते, आणि मावशी मुकाट सरकते.

तिची एक रीत आहे. लग्नानंतर आठ-पंधरा दिवसांनी नवरी आणि नवरीची आई तिच्या घरी येतात. चहा होतो, पेनड्राइव्ह त्यांच्या हातात पडतो. मग आपा कंप्युटर लावते, त्या लग्नाचं जे काही आत असेल ते त्यांना दाखवते आणि डिलीटचं बटण नवरीच्याच बोटानं दाबून घेते. मग पडद्यावरचा कचऱ्याचा डबाही त्याच बोटानं रिकामा करून घेते. बोटावरची मेंदी तेव्हा पुरती उतरलेलीही नसते. "आता माह्याजवळबी नाई," आपा म्हणते. एवढ्या एका वाक्यावर बाळापूरपासून अकोटपर्यंतच्या बायका तिच्या कॅमेऱ्यासमोर ओढणी बाजूला टाकून नाचतात. इतका भरवसा माझी बायको माझ्यावर ठेवत नाही.

आणि तो भरवसा मी मातीत घालायच्या बेतात होतो. मी किशोर, टिळक रोडच्या आतल्या बाजूला माझं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दिवाळीच्या आधी आपाने माझ्याकडून नवा कंप्युटर नेला आणि जुना मला परत दिला. देताना तिने तीनदा विचारलं होतं, "किशोरभाऊ, सगळं मिटवजा बरं." मी म्हणालो, "कोरी पाटी करून टाकतो, आपा." आणि अर्ध्या मिनिटाचं फॉरमॅट मारून मोकळा झालो. डिस्क पूर्ण पुसायला दोन तास लागतात, आणि दिवाळीच्या गर्दीत दोन तास कोणाकडे असतात? वीस वर्षं हा धंदा करतो मी. मला माहीत नव्हतं असं म्हणायलासुद्धा तोंड नाही.

गेल्या सोमवारी आपा एक केबल न्यायला दुकानात आली. तेव्हा मी एका मास्तरांच्या मेमरी कार्डावरचे उडालेले फोटो परत काढत होतो. शाळेच्या सहलीचे फोटो एकेक करून पडद्यावर उमटू लागले. मास्तर खुशीत आले, मीही जरा भाव खात होतो. आपा मागे उभी होती.

"हे त डिलीट झाल्ते ना?" तिने विचारलं.

"फॉरमॅटच मारलं होतं मी," मास्तर म्हणाले.

"मंग मिटवलेलं वापस येते?"

"येते ना," मी ऐटीत म्हणालो. "डिलीट केलं का निस्तं नाव जाते, आपा. सातबारा फाडल्यानं वावर थोडंच जाते? ते जागीच राह्यते. वावरच मोडायचं असन त पुरं नांगरून त्यात दुसरं पेरा लागते."

बोलता बोलताच मला दिवाळीआधीचं ते अर्ध्या मिनिटाचं फॉरमॅट आठवलं. आपा माझ्याकडे पाहत होती.

"मंग माह्या जुन्या कंप्युटरातलं?"

मास्तर गेल्यावर मी खरं ते सांगितलं. तो कंप्युटर मी आणखी अकरा जुन्या कंप्युटरांसोबत अमरावतीला जुन्या मालाचं दुकान चालवणाऱ्या देवमनला विकला होता. पुढे तो ते कोणाला देतो, कोण त्यात काय शोधतं, यावर माझा काही ताबा नव्हता. आपा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "त्यात माह्या भरवशावर आलेल्या पोरी आहेत, भाऊ. कोणाच्या हाती लागलं त मी कोणत्या दारात जाऊ?"

देवमन फोन उचलेना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही दोघं निघालो. रहीमभाईंनी तिला स्टँडवर आणून सोडलं. माझ्या नमस्काराकडे पाठ करून त्यांनी गाडी वळवली. मला ते रास्त वाटलं.

मूर्तिजापूर येईपर्यंत आपाने मला सात वेळा फोन लावायला लावला. बुरख्याची बाही ती गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. बस कोणा म्हाताऱ्यासाठी थांबली तरी ती ड्रायव्हरकडे डोळे वटारून पाहायची. मधेच विचारायची, "आवाजबी येते काय वापस?" मी म्हणायचो, येतो. मग थोड्या वेळाने परत, "पुराच येते, का तुटक तुटक?" मला वाटलं, भीती वाढतेय. एकीकडे मला तिची दया येत होती आणि दुसरीकडे असा राग येत होता, की हिने मला दोन शिव्या हासडून मोकळं का करू नये?

देवमनचं दुकान राजकमल चौकामागच्या गल्लीत. संत्र्याच्या लाकडी खोक्यात त्याने जुन्या कंप्युटरांतून काढलेल्या पंचवीस-तीस डिस्का कांदे भरावे तशा भरून ठेवल्या होत्या. विकायच्या डिस्कवर मी मार्करने तारीख लिहितो, एवढी एक सवय माझी चांगली आहे. मी खोकं जमिनीवर उपडं केलं. एकेक डिस्क उचलून पाहिली. आपा माझ्यासमोर उकिडवी बसून माझ्याआधी तारीख वाचत होती. ती डिस्क त्यात नव्हती.

"अकोल्याच्यातलं एक मशीन अख्खंच ठेवलं होतं, ते काय?" देवमन म्हणाला. "ते त आत्ता गेलं. ते काय, बाहीर बांधून राहिले."

बाहेर मोटारसायकलच्या मागे एक माणूस कंप्युटरचं धूड दोरीने आवळत होता. सूर्यभान नाव, मोर्शीचा संत्र्याचा व्यापारी. पॅकिंगच्या शेडमध्ये चिठ्ठ्या छापायला त्याला कंप्युटर हवा होता. मी त्याला म्हणालो, "भाऊ, थोडी तांत्रिक अडचण आहे." तो म्हणाला, "मंग ते तुमी पाहा. मले घाई आहे," आणि त्याने गाडीला किक मारली.

आपा सरळ गाडीसमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, त्यात लोकाच्या लेकी-सुना आहेत," ती म्हणाली. "लग्नातल्या. मी त्याईले जबान देल्ली होती का कोणी पाह्यणार नाई. ह्या भाऊनं नीट मिटवलं नाई."

सूर्यभानने गाडी बंद केली. आधी आपाकडे, मग माझ्याकडे त्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग सुदं सांगा ना, जी," तो मला म्हणाला. "तांत्रिक न् फांत्रिक काय लावलं? काहाडा ते बाहीर. मले काय लोकाच्या घरचं लगन पाह्याचं आहे?" त्याने स्वतःच दोरी सोडली. देवमनने त्याला दुसरी डिस्क बसवून दिली, आणि जाताना तो आपाला हात जोडून गेला. मला नाही.

डिस्कवर तारीख माझ्याच अक्षरात होती. माझा जीव भांड्यात पडला. देवमनच्या मागच्या खोलीतल्या टेबलावर मी ती जोडली आणि म्हणालो, "आता पुऱ्या डिस्कवर शून्य लिवतो. कोपरा न् कोपरा. मंग जगातला कोणताच माणूस काई काहाडू शकत नाई."

आपा खुर्चीच्या टोकावर बसली, उठली, दार लोटून आली, परत बसली.

"त्याच्या अगुदर," ती म्हणाली, "एक चीज काहाडता येईन काय?"

मग तिने ते सांगितलं. तिची अम्मी लग्नांना तिच्यासोबत असायची, पिशवी सांभाळायला. अम्मी मेंदीची गाणी म्हणायची, पण स्वतःवर कॅमेरा कधी रोखू द्यायची नाही. एकदाच, बाळापूरच्या शाइस्ताच्या मेंदीला, बायकांनी तिला मधोमध बसवलं आणि अम्मीने पूर्ण गाणं म्हटलं. आपाने ते घेतलं. पंधरा दिवसांनी शाइस्ता आली आणि रिवाजाप्रमाणे तिच्या बोटाने ते सगळं गेलं. "तवा वाटलं, अम्मी त घरीच आहे, रोज आयकीन. मंग सा महिन्यानं अम्मी गेली. शाइस्ताचा पेनड्राइव्हबी हारपला. अम्मीचा आवाज कोठीच नाई, भाऊ. कालपासून तुमी म्हणून राहिले, मिटवलेलं जागीच राह्यते."

बसमधले प्रश्न मला आता कळले. खरं सांगतो, मला आनंद झाला. माझ्या गाढवपणातून काहीतरी चांगलं निघेल, आपा मला माफ करेल, असं वाटलं. मी म्हणालो, सापडेलच असं नाही, पण आशा आहे. फक्त फाइलींची नावं येणार नाहीत. सगळ्या लग्नांचं जे मिळेल ते समोर येईल आणि एकेक उघडून अम्मीचं शोधावं लागेल. "मी पाठ करून बसतो. तुमी एकल्या पाहा."

मी शोध सुरू करून दिला आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. शोध पुरा व्हायला बराच वेळ गेला. मग माऊस एकदा वाजला. कुठल्या तरी बायकांच्या टाळ्या आणि हसणं ऐकू आलं आणि लगेच बंद झालं.

"बंद करा," आपा म्हणाली.

"भेटलं?"

"नाई. दुसरीच पोरगी आली. डोक्यावर काई नाई, खदखदून हासून राहिली. इनं आपल्या बोटानं मिटवलं होतं माह्यासमोर." तिने माऊस बाजूला सारला. "मी कोणी पाह्यणार नाई म्हणलं होतं. मी पाहून राहिली ना!"

"आपा, तुमच्या कॅमेऱ्यातूनच त तुमी पाह्यलं होतं ते सगळं."

"तवा त्याईनं पाहू देल्लं होतं. आता पुसलं काय मी त्याईले?"

मी पुष्कळ समजावलं. कोणाला कळणार आहे, म्हणालो. फक्त अम्मीचं मिळेपर्यंत, म्हणालो. ती चिडली. "तुमी अर्धं काम करता न् वरून अक्कल शिकवता," ती म्हणाली. ही शिवी मी कालपासून मागत होतो, पण ती लागायची तिथे लागली. मी खुर्ची फिरवली, शोध बंद केला आणि पुसायचा प्रोग्रॅम लावला. शेवटचं बटण तिने दाबलं.

पडद्यावर टक्के सरकू लागले. दहा. अठरा. तीस. आपा खोलीत येरझाऱ्या घालत होती. दर खेपेला पडद्यासमोर थांबायची.

"आता कोणतं लगीन चालू असन?" तिने विचारलं.

"सांगता येत नाई, आपा. त्याले सगळं सारखंच."

"मंजे अम्मी गेली का अजून आहे, तेबी नाई समजत?"

"नाई."

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. अकोल्याची गाडी पाचला होती. मी म्हणालो, "तुमी निघा, आपा. मी पुरं करूनच येतो. या खेपेला खरंच पुरं."

तिने मान हलवली. "अम्मी गेली तवा मी अकोटले एका लग्नात होती, कॅमेरा धरून," ती म्हणाली. "घरी आली तवा तिचं तोंड झाकून झालं होतं. या खेपेला मी हलत नाई."

ती खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली. मी माझी खुर्ची तिच्या शेजारी आणून ठेवली. अजून बेचाळीस टक्के बाकी होते.