मास्तर मागून येतोय

टेम्पोतून उतरताना मास्तरचा उजवा पाय हमखास चुकायचा. फळीवर पडायचा तो हवेत पडायचा. मग मास्तर दोन्ही हातांनी मांडवाचा बांबू धरायचा, काळा गॉगल नाकाच्या शेंड्यावर यायचा, आणि समोरच्या यजमानाला त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "काका, बाटली कुठं ठेवलीय?"

भिवंडीपासून पडघ्यापर्यंत कुठेही हळदीला गेला असाल, तर हे तुम्हीही पाहिलं असेल. पाहून तुमच्या मनात जे आलं तेच सगळ्यांच्या मनात आलं. "वाजवतो भारी, पन बेवडा हाय." बायका पोरांना आत ओढायच्या. यजमान घाईघाईने घरात जायचा आणि कपाटाला कुलूप लागल्याचा आवाज मांडवापर्यंत यायचा.

हळदीत वाजवणाऱ्या बेंजो पार्टीच्या म्होरक्याला आमच्याकडे मास्तर म्हणतात. मी बी.कॉम. आहे, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. मास्तर बारावी नापास, तरी आमच्या वळ गावात मास्तर म्हटलं की त्याचंच नाव. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, दोन गाणारे आणि पुढे गळ्यात बेंजो अडकवून हा. त्याची गाणी शाळेतल्या पोरांच्या तोंडी होती. मोबाईलवर त्याच्या गाण्याखाली लोक लिहायचे, 'गाणं एक नंबर, दारू सोडा मास्तर.' तो ते वाचून खूश व्हायचा. एकदा कुणीतरी 'सज्जन वाटता' असं लिहिलं, तर दोन दिवस बेचैन होता.

माझा धाकटा भाऊ कीबोर्ड वाजवायला त्याच्याकडे गेला तेव्हा घरात रडारड झाली. "त्या बेवड्याचे हाताखाली?" आई म्हणाली. मी तर भावाशी बोलणंच टाकलं. शिकलेल्या माणसाने मत लवकर बनवू नये म्हणतात. मी पाच मिनिटांत बनवलं होतं.

मग मला वळच्या एका गोडाऊनच्या ऑफिसात नोकरी लागली, आणि पहिल्याच सकाळी गेटवर मास्तर उभा. गॉगल नाही, पाय सरळ, अंगात कंपनीचं जॅकेट. दिवसा तो तिथे फोर्कलिफ्ट चालवायचा. फोर्कलिफ्टवाल्यांना आत सोडण्याआधी गार्ड मशीनमध्ये फुंकायला लावतो; ते मशीन त्याच आठवड्यात आलं होतं. आदल्या रात्रीची उतरली नसेल तर मशीन पकडतं. तो आकडा वहीत लिहायचं काम माझं.

मास्तरच्या नावापुढे शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. हळद वाजवून आला त्या सकाळीसुद्धा शून्य.

"मॅडम, मशीन खराब है," गार्ड म्हणाला. "इसका ज़ीरो आ ही नहीं सकता."

साहेबांनी दुसरं मशीन मागवलं. मास्तरने फुंकलं, शून्य. गार्डचा विश्वास बसेना, म्हणून त्याने स्वतः फुंकलं. त्याचं काही शून्य आलं नाही. तो विषय तिथेच बंद झाला.

पण माझ्या डोक्यातून जाईना. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला गाठलं. तो फोर्कलिफ्टच्या सावलीत डबा उघडून बसला होता.

"मास्तर, तू पीत नाहीस."

त्याने आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. "हळू बोल गो बाय. कोनी ऐकंल."

"कधीच नाही?"

"खोकल्याचं औषध घेतलं तरी मना झोप येते."

मग त्याने भाकरी मोडता मोडता सगळं सांगितलं. आमच्याकडे हळदीत वाजवणाऱ्यांना पाजली नाही तर यजमानाला कमीपणा, आणि वाजवणाऱ्यांनी घेतली नाही तर यजमानाचा अपमान. सुरुवातीला हा हात जोडून नाही म्हणायचा. माळ घातलीय म्हणाला, तर एकाने सांगितलं, तासभर खुंटीला अडकव. पार्टीतली पोरं तर वीस-बावीसची, ती कशाला नाही म्हणतील? एकदा हळदीवरून परतताना ढोलकीवाला पडघ्याजवळ बाईकसकट रस्त्याच्या खाली गेला. पाय वाचला, गुडघा नाही वाचला. ज्याने पाजली होती तो हॉस्पिटलात सफरचंदं घेऊन आला.

"त्याच्यानंतर पोरांना लय समजावलं," मास्तर म्हणाला. "उपेग न्हाय. मंग एक दिवस मी वायरीत पाय अडकून पडलो. पडलो तो हळदीच्या परातीत. पिवळा होऊन उठलो. यजमानाला वाटलं, ह्यो आधीच टाकून आलाय. घाबरून त्यानं सगल्या बाटल्या कपाटात घातल्या न् चावी बायकोकडं दिली. एका पोराला थेंब मिलाला न्हाय. दोन वर्षं बोलून जे झालं न्हाय, ते एका पडन्यानं झालं."

"मग?"

"मंग काय. तवापासून पडतोय."

नुसता पडून तो थांबला नव्हता. पिऊन मांडवातल्या खुर्च्या विहिरीत फेकल्याची गोष्ट त्यानेच उठवली होती. पुढे लोकांनी त्यात फ्रीजही घातला. पार्टीच्या पोरांना सगळं माहीत होतं, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. माझ्या भावाने तर सख्ख्या आईलाही सांगितलं नव्हतं. मास्तरने ढोलकीवाल्याच्या गुडघ्यावर हात ठेवून सगळ्यांना शपथ घ्यायला लावली होती.

"आणि तुझं लग्न?" मी विचारलं. त्याने पस्तिशी गाठली होती.

"दोन मोडली," तो डबा बंद करत म्हणाला. "पन आता तिसरं आलंय, पडघ्याचं. ती मना आवडलीय गो." एवढं बोलून त्याने गॉगल लावला. गोडाऊनमध्ये, भर दुपारी.

आमच्यात मुलाची चौकशी कामाच्या ठिकाणी करतात. आठवड्याने मुलीचे वडील माझ्या टेबलासमोर येऊन बसले. पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ. जन्मभर भिवंडीत कापडाचे लूम दुरुस्त करणारे जॉबर होते ते. मास्तरने मला बजावलं होतं, विचारलं तर काम चांगलं करतो एवढंच सांग. तोंड उघडलंस तर आज पडघ्यात कळेल आणि उद्या मांडवामांडवात बाटल्या बाहेर येतील.

"पोरी, तू शिकलेली दिसतेस," म्हातारे म्हणाले. "खरं सांग. पितो?"

मी शिकलेली, एवढं ऐकलं आणि माझा संयम गेला. मी वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली. "बघा काका. पहिल्या दिवसापासून शून्य."

त्यांनी सगळी पानं शांतपणे उलटली. "लूमवर पन कापड मोजायचा काटा असतो. तो बोटानं कसा फुडं ढकलतात ते मना ठावं हाय. मशीन मानसानंच बनवलेली."

"पण काका, तो सोंग करतो. मुद्दाम पडतो."

"बेवड्याची बाजू घेनारे लय बघितले," ते उठत म्हणाले. "प्यायलेला न्हाय असं सोंग करनारे बघितले. उलटं सोंग कोन करतो? शनिवारी तुमच्या गावात हळद हाय ना? डोळ्यानं बघतो."

मी मास्तरला काही सांगितलं नाही. मला वाटलं, म्हातारे जवळून बघतील आणि ओळखतील. ग्रॅज्युएट माणसाला पुराव्यावर भरवसा असतो.

शनिवारी दिवेलागणीला टेम्पो मांडवाशी आला. मास्तरने उजवा पाय उचलला आणि त्याला बांबूजवळ पांढरी टोपी दिसली. पाय तसाच हवेत राहिला. गॉगल होता, तरी चेहरा उतरलेला मला दिसला. नीट खाली ठेव, मी मनात म्हणत होते, एकदाच नीट ठेव. तेवढ्यात यजमानाचा पुतण्या शर्टाखाली काहीतरी दडवून टेम्पोच्या मागच्या बाजूला आला आणि त्याने ऑक्टोपॅडवाल्याला खूण केली. मास्तरने मान वळवून मागे बघितलं. ढोलकीवाला न वाकणारा पाय पुढे काढून बसला होता.

मग मास्तर पडला. असा पडला, की तसा आधी कधी पडला नव्हता. बांबू सुटला, बेंजो झंकारला, आणि जमिनीवरूनच तो ओरडला, "काका, बाटली कुठं ठेवलीय? सगल्या आना."

"कुलूप लाव रे," यजमान ओरडला. पुतण्याच्या शर्टातली बाटलीही त्याने ओढून घेतली.

म्हातारे चालत मास्तरपर्यंत गेले. सगळा मांडव बघत होता. ते खाली वाकले. "तोंड उघड."

मास्तरने तोंड उघडलं. म्हाताऱ्यांनी नाक जवळ नेलं आणि ते तसेच राहिले, बिघडलेल्या लूमचा आवाज ऐकावा तसे. मग त्यांनी टेम्पोतल्या पोरांकडे बघितलं. ढोलकीवाल्याच्या पायाकडे जरा जास्त वेळ बघितलं.

उठले, उपरण्याने नाक दाबलं आणि यजमानाला म्हणाले, "एक कुलूप पुरनार न्हाय. दुसरं लावा. असला बेवडा मी जन्मात बघितला न्हाय."

जाताना माझ्याशेजारी थांबले. "तारीख काढायला येतो म्हनून सांग त्याला. आन् तुझी वही बरोबर हाय. गप्प बस."

मास्तरच्या स्वतःच्या हळदीला थेंबभर दारू नव्हती. लोक जेवून जाताना म्हणत होते, एकट्यानंच आधी संपवली असंल. सासरे मान हलवून "हो ना" म्हणत होते.

हे मी आज लिहिते आहे, कारण शपथ पार्टीच्या पोरांनी घेतली होती, मी नाही. आणि मला माहीत आहे की तुम्ही विश्वास ठेवणार नाही. मी वही दाखवूनही कुणी ठेवला नव्हता.

आता आमची कंपनी पडघ्याच्या पुढे गेली आणि मास्तरही तिकडेच राहायला गेला. मुलगी झाली आहे. संध्याकाळी तिला बेंजो ऐकवतो म्हणे. गेटवर फुंकायला आता नवे लोकही असतात आणि मला वहीत शून्याशिवाय बरेच आकडे लिहावे लागतात. पार्टी मास्तरच्याच नावाने आता ढोलकीवाला चालवतो. त्याला पडायची सोय नाही, लोक धावत येऊन उचलतात.

गेल्या महिन्यात माझ्या भावाची हळद झाली. टेम्पो दारात आला. पुढच्या सीटवर मास्तर नव्हता. ढोलकीवाला हळूहळू खाली उतरला, माझ्या वडिलांना, आबांना, नमस्कार केला आणि म्हणाला, "मास्तर मागून येतोय."

आबांचा चेहरा पडला. ते तसेच वळून आत गेले आणि कुलूप लागल्याचा आवाज आला.

पार्टी छान वाजवत होती. सगळी नाचत होती. आई मात्र चावी कमरेला खोचून मांडवाच्या तोंडाशी उभी होती, रस्त्याकडे बघत.